जाताना डिझेल, येताना नान्हे सर

नान्हे सरांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं. तिथे पेचकस असायचा. लांब दांड्याचा, पिवळ्या मुठीचा, टोकाशी जरा झिजलेला. हजेरी घ्यायची वेळ आली की ते समोरच्या बाकावरच्या पोराचं पेन मागून घ्यायचे आणि परत द्यायला हमखास विसरायचे. पेचकस मात्र त्यांनी कधी कोणाच्या हाती दिला नाही. कोणी मागितलाच तर म्हणायचे, "घराची चाबी माग, देतो. पेचकस नोको मागू."

स्क्रू पिळायला तो पेचकस क्वचितच लागायचा. त्याचं खरं काम ऐकण्याचं. चालत्या मोटरच्या बेअरिंगवर टोक टेकवायचं, मूठ कानाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. सगळा वर्ग श्वास रोखून उभा. मग निकाल लागायचा, "मांगचं बेअरिंग सुकलं आहे. ग्रीस मागून राहिली बिचारी." मोटर त्यांच्या लेखी नेहमी बिचारी असायची. मोटर जाळणारा पोरगा मात्र कधीच बिचारा नसायचा.

नागपूरच्या एका तंत्रनिकेतनात आम्ही बरोबर नोकरी केली. ते इलेक्ट्रिकलला, मी मेकॅनिकलला, आणि माझा विषय डिझेल इंजिन. आमच्या प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत होती आणि तीही सरकारी, म्हणजे असून नसल्यासारखी. माझं इंजिन सुरू झालं की पलीकडून भिंतीवर पेचकसाच्या मुठीची ठकठक यायची. "ओ डिझेल! तुमचं रेडकू झोपवा ना जी जरा, मले मोटर ऐकू नाई येऊन राहिली!" मग मी मुद्दाम आणखी रेस द्यायचो. सगळ्या नोकरीभर त्यांनी मला डिझेल याच नावाने हाक मारली. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला आजही शंका आहे. सर गेले त्याला आता एक पावसाळा उलटला. मला डिझेल म्हणणारं कोणी उरलेलं नाही, आणि या भलत्या नावासाठी आपण या वयात इतके कासावीस होऊ, असं मला कधी वाटलं नव्हतं.

आवाजाचं त्यांना फार वावडं. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरी गेलं की पंखा फिरतोय हे मान वर केल्यावरच कळायचं. मिक्सर लावायचा तर वहिनी ते भाजीला बाहेर पडण्याची वाट बघायच्या. गणपतीत गल्लीतून डीजे निघाला की सर न्हाणीघरात जाऊन बसायचे आणि आतून कडी लावायचे. वहिनी हसून सांगायच्या, "देव बाहेर नाचून राहिला अन् हे अंघोळ करून राहिले." आम्ही सगळे याला विक्षिप्तपणा समजत होतो. मास्तर माणूस थोडा विक्षिप्त असला तर शोभूनही दिसतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. सर जातीने ढिवर, भिवापूरच्या पुढे धरणाच्या काठावर त्यांचं गाव, बापजादे मासे मारत आलेले. पण एकदा स्टाफची सहल तलावावर गेली, तर सर बसमधून उतरले नाहीत. सगळे बोटीत बसायला धावले आणि हे ड्रायव्हरच्या शेजारी बसून संत्री सोलत राहिले. कोणीतरी म्हणालंच, "काय सर, ढिवराले पाण्याची भीती?" सरांनी त्याच्या हातावर संत्र्याची फोड ठेवली आणि म्हणाले, "भीती नाई बाप्पा. ओळख आहे." तेव्हा त्या उत्तराला आम्ही दाद दिली होती. त्याचा अर्थ मला कळला तो सर निवृत्त झाल्यावर.

निवृत्तीनंतर एका सकाळी ते स्कूटरवरून आमच्या दारात आले. चहा घेतला नाही. खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि म्हणाले, "डिझेल, एक इंजिन काढाचं आहे."

"कशाचं?"

"ट्रॉलरचं."

नागपुरात कोणी ट्रॉलर म्हटलं तर माणूस हसणारच, मीही हसलो. सर हसले नाहीत. त्यांच्या गावच्या मच्छीमार सोसायटीकडे एक मोठी लोखंडी बोट होती. उद्घाटनाला आलेल्या कोण्या साहेबाने कधीकाळी समुद्र पाहिला असावा, तो भाषणात तिला ट्रॉलर म्हणाला आणि गावाने ते नाव उचललं. पहाटे ही ट्रॉलर लहान होड्या, म्हणजे डोंगे, मागे बांधून धरणाच्या पार टोकाला न्यायची, आणि संध्याकाळी मासे भरलेले तेच डोंगे एकामागे एक ओढत परत आणायची. तिच्या पोटात एक सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. ते सुरू झालं की काठावरची भांडी वाजायची म्हणे.

मग सरांनी मला हिरामणची गोष्ट सांगितली. खाली बघत, पेचकसाचं टोक नखाने घासत.

हिरामण त्यांचा धाकटा भाऊ. सर शिकले, नागपूरला आले. हिरामण पाण्यावर राहिला. त्यांच्या गावात जुनी रीत होती. वल्ह्यांचे दिवस होते तेव्हा परतताना पुढच्या डोंग्यातला वडीलधारा एकेकाचं नाव घेऊन हाक द्यायचा आणि मागून एकेक जण "हो" म्हणायचा. शेवटच्या डोंग्यातून "हो" आला की हाक फिरली. वाटेत अशी दोन-चारदा हाक फिरायची. काठावरच्या बायका पोचलेल्या माणसाला आधी हेच विचारायच्या, "हाक फिरली का?" मग इंजिन आलं. त्या धडधडीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तिथे शेवटच्या डोंग्यातल्याचा "हो" कुठून ऐकू येणार? हाक बंद पडली. कोणी बंद करा म्हटलं नाही, ती आपोआप बंद पडली.

"सुट्टीत गेलो होतो जी मी. संध्याकाळी परत येऊन राहिलो होतो. मी इंजिनाच्या बाजूले बसून, कोणाशी तरी वरडून वरडून गप्पा मारून राहिलो होतो. हिरामण शेवटच्या डोंग्यात. काठाले लागलो अन् पाहतो तं डोंगा खाली, आत कोणी नाई." सरांनी पेचकस मुठीत आवळला. "ढिवर बुडत नाई, डिझेल. जाळं पायात गुतलं तंच बुडते. वेळ लागते त्याले. तेवढ्यात माणूस हाक मारते. मारतेच ना जी?"

माझा जन्म त्या इंजिनाची तारीफ शिकवण्यात गेला होता.

"आता काठावर उतरून मोजतात सगळे," सर म्हणाले. "काठावर मोजून काय फायदा? काठावर तं मुर्दाही मोजता येते. मोजाचं तं पाण्यावर. मले त्या बोटीत मोटर बसवाची आहे. शेवटच्या डोंग्यातून हाक आली तं पुढं ऐकू आली पाहिजे. बस, इतकंच."

सरांना एवढंच हवं होतं. त्यांनी उरलेलं आयुष्य त्यात घातलं.

आम्ही गावात गेलो तेव्हा सोसायटीची माणसं समाजमंदिरात जमली होती. ट्रॉलर चालवणारे उरकुडाभाऊ सगळ्यांत पुढे. वयाने सरांएवढेच, तोंडाने बरेच तिखट. "सर, बॅटरी म्हंजे मोबाइलवानीच ना गा? ऐन वाऱ्यात संपली तं काय पाण्यातच चार्जिंगले लावाची?" सगळे हसले. सर हट्टाला पेटले. डिझेल बोटीत ठेवायचंच नाही म्हणाले. उरकुडाभाऊ म्हणाले, मग आमची बोट आमच्याजवळ राहू द्या. सर उठून चालू लागले.

तेव्हा मी मध्ये पडलो. म्हटलं, सकाळी जाताना घाई असते, वारा समोरून असतो, डोंग्यांत मासे नसतात, हाक तर परतीचीच. तेव्हा डिझेल चालू द्या. संध्याकाळी हळूहळूच यायचं असतं, तेव्हा मोटर. दोन्ही पंख्याच्या एकाच दांड्यावर बसवू. "जाताना मी, येताना नान्हे सर."

"याले काय म्हंतात?" उरकुडाभाऊंनी विचारलं.

"हायब्रीड."

"ज्वारीवानी?"

"तसंच समजा."

"मंग जमलं," उरकुडाभाऊ म्हणाले. सर माझ्याकडे रागाने बघत होते, पण परत येऊन बसले. पुढे ते हेच वाक्य जो भेटेल त्याला सांगत सुटले, जणू काही त्यांनाच सुचलं होतं.

त्या दिवशी चहा हिरामणच्या घरी झाला. हिरामणची बायको शेवंता मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे जिथे मिरची वाळवतात त्या पटांगणावर, देठ खुडायला जायची. बोटांची टोकं कायमची लाल झालेली. त्या घरात धाकट्याच्या बायकोने थोरल्या दिराशी, भासऱ्याशी, थेट बोलायचं नाही अशी रीत. पदर पुढे ओढून उभं राहायचं आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. गावातल्या बऱ्याच घरांनी हे कधीच सोडून दिलं होतं, शेवंताबाईंनी सोडलं नव्हतं. दाराच्या चौकटीशी उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, "त्यायले सांगा, चहा थंडा होऊन राहिला."

सर मला म्हणाले, "तिले सांगा, घेतो."

मी दोघांच्या मध्ये बसून दोघांनाही ऐकू आलेलं पुन्हा सांगत होतो. मला आधी हसू आलं, मग नाही आलं. परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "हिरामण गेला त्या दिवशीही ती मले काही बोलली नाई. मी बाजूले होतो, अन् मले ऐकू नाई आलं. तिनं शिव्या द्याले पाहिजे होत्या. इतक्या वर्षांत चहा थंडा झाला, याच्यापलीकडे काही नाई जी." त्यांना वाटायचं, रीत हा बहाणा आहे, तिच्या मनात राग आहे. त्या रागाची ते वर्षानुवर्षं वाट बघत होते.

पण त्या दिवशी निघता निघता शेवंताबाई आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. मलाच. "त्यायले इचारा, बोट चूप झाली म्हंजे मांगच्याचं पुढं ऐकू येईन काय?"

सर चप्पल घालत होते. ते वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "तिले सांगा, येईन."

कामाला लागलो तो उन्हाळा. सरांनी आधी ई-रिक्षाची मोटर बसवून बघितली, ती थोड्याच वेळात इतकी तापली की हात लावू देईना. सर तिच्याशेजारी बसून पुटपुटले, "बिचारी." रिक्षेला चढ असतो तसा उतारही असतो, मोटर मध्येच दम खाते. पाण्यात उतार नाही, बोटीचा पंखा फिरतोय तोवर चढच. मग मोठी मोटर आली, पट्टा लावून पंख्याची गती कमी केली. बॅटऱ्या त्यांनी आणल्या. कुठून, कशा, हे विचारायची वहिनींची सुद्धा हिंमत नव्हती. आमच्या उन्हात लोखंडी बोट तव्यासारखी तापते, बॅटऱ्या टिकणार कशा? सरांनी बॅटऱ्यांच्या पेटीभोवती मोकळी जागा सोडून कूलरसारख्या वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि पाणी मारायला उरकुडाभाऊंना बसवलं. उरकुडाभाऊ आल्यागेल्याला सांगायचे, "माह्या घरी कूलर नाई अन् बॅटरीले आहे!" तरी पाणी मारायला ते कधी चुकले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात सर एकदा आमच्या घरी आले असताना आमचा कूलर खडखडत होता. बायको म्हणाली, "भाऊजी, जरा बघा ना." सरांना आनंद झाला. पेचकस निघाला, टोक मोटरवर, मूठ कानाशी, डोळे बंद. कूलर असा आवाज करत होता की शेजारी विचारून गेले असते. सरांनी डोळे उघडले आणि समाधानाने म्हणाले, "एकदम मस्त चालून राहिली. काही नाई झालं."

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. सर पेचकस पुसून खिशात ठेवत होते. ज्या माणसाने जन्मभर मोटरच्या पोटातलं बेअरिंग ऐकलं, त्याला समोरचा कूलर ऐकू येत नव्हता. वहिनींना हळूच विचारलं तर म्हणाल्या, "बरेच दिवस झाले. मिक्सर लावला तं आता काही म्हणत नाईत. मले आधी वाटलं, सुधारले."

धरमपेठेतल्या कानाच्या डॉक्टरकडे त्यांना मीच नेलं. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावतात, शिटी ऐकू आली की बटण दाबायचं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, या वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. मी चाट पडलो. स्कूटरवर बसताना सर कानात सांगितल्यासारखं, म्हणजे साऱ्या धरमपेठेला ऐकू जाईल असं, म्हणाले, "बाई ठरावीक वेळानं शिटी देते. मी वेळ पकडली अन् बटण दाबत गेलो." परीक्षेत कॉपी केली म्हणून त्यांनी पोरांना वर्गाबाहेर काढलेलं मी पाहिलं होतं. मी त्यांना तसंच धरून परत वर नेलं. दुसऱ्यांदा बाईंनी शिट्या वाट्टेल तशा दिल्या आणि खरं काय ते बाहेर आलं. जे राहिलं होतं तेही जाणार होतं, फार दिवस लागणार नव्हते.

खाली येऊन सर रसवंतीच्या बाकड्यावर बसले. मग म्हणाले, "बोट जल्दी करा लागते." एवढंच. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

घाईत चुका होतात. पावसाळा सरल्यावर पहिली चाचणी घेतली तेव्हा मोटर इतकी मुकी चालली की आम्ही सगळे खूश. कोणाच्या डोक्यात आलं नाही की बोट आम्हाला ऐकू येत नाही तशी दुसऱ्यांनाही येणार नाही. तिथे ढिवर जाळं टाकतो आणि इंजिनाचा आवाज कानावर पडला की डोंगा सरकवून जाळं ओढून घेतो. त्याच अंदाजाने एक म्हातारा जाळं पसरून निवांत बिडी ओढत बसला होता. ट्रॉलर त्याच्या पाठीमागून आली, जाळं पंख्यात गुंडाळलं गेलं, डोंगा गर्रकन फिरला आणि म्हातारा पाण्यात पडता पडता वाचला. त्याने आमच्या सगळ्यांच्या पिढ्या काढल्या. "कायची भूताची बोट आणली बे! चोरावानी येते!"

सोसायटीत पुन्हा गोंधळ. भोंगा लावा, नाही तर मोटर काढा. सर भोंग्याला तयार होईनात. भोंगाच वाजवायचा तर डिझेल काय वाईट होतं? जाळं पायात गुततं आणि माणूस बुडतो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि त्यांच्याच बोटीने जाळं ओढलं होतं. शेवटी तोडगा उरकुडाभाऊंनी काढला. घरी बैल उरले नव्हते, पण खुंटीवर घुंगरमाळ होती. ती त्यांनी बोटीच्या नाकावर बांधली. पाण्याच्या हेलकाव्याने ती हलकेच वाजायची. जाळ्यावर बसलेल्याला बोट येतेय ते कळायचं आणि मागच्याची हाकही बुडत नव्हती. सरांनी बोटीच्या नाकाला पेचकस टेकवून माळ ऐकायचा प्रयत्न केला. मग उरकुडाभाऊंच्या तोंडाकडे बघून विचारलं, "वाजते?" उरकुडाभाऊंनी मान डोलावली. तेव्हापासून सरांबरोबर बोलताना उरकुडाभाऊंचा तिखटपणा गेला. मला तो असलेला बरा वाटत होता.

ज्या दिवशी हाक फिरवायची ठरली त्याच्या आदल्या संध्याकाळीच मी बसने भिवापूर गाठलं, तिथून पुढे गेलो. सकाळी माझ्या रेडकाने सगळे डोंगे पार टोकाला नेले. दिवसभर मासेमारी झाली. दुपारी दुसऱ्या एका डोंग्यातून शेवंताबाई तिथे आल्या. हिरामण गेल्यापासून त्या पाण्यावर आल्या नव्हत्या. कोणी बोलावलं नव्हतं त्यांना. उरकुडाभाऊ म्हणाले, ट्रॉलरवर बसा. त्या म्हणाल्या, "नाई. मी मांगच्याच डोंग्यात बसतो." त्या पदर सावरत शेवटच्या डोंग्यात जाऊन बसल्या. सरांनी बघितलं आणि ते मोटरचा पट्टा तपासायला वाकले.

सूर्य कलला तेव्हा निघालो. बॅटरी पुरावी म्हणून धरणाच्या मध्यापर्यंत डिझेलवरच आलो, तिथे सर म्हणाले, "डिझेल, आता तुम्ही झोपा." मी इंजिन बंद करायची दांडी ओढली. इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं. सरांनी मोटर सुरू केली. लोखंडाला लागणारं पाणी ऐकू यायला लागलं, घुंगरमाळ ऐकू यायला लागली, मागे कोणीतरी खोकलं तेही ऐकू आलं. जन्मभर मी इंजिनांत राहिलो, पण पाण्यावर एवढं ऐकू येतं हे मला ठाऊक नव्हतं.

सरांच्या कानात आता ऐकायचं मशीन होतं, पण पाण्यावरचा वारा त्यात शिरून नुसता घोंघावत होता. त्यांनी ते काढून माझ्या खिशात टाकलं. मग स्वतःच्या खिशातला पेचकस काढला आणि माझ्या हातात दिला. "धरा. आता तुम्हीच ऐका."

मी टोक मोटरवर टेकवलं, मूठ कानाशी नेली. आत एकसारखी, मऊ गुणगुण होती. मी अंगठा दाखवला. सर हसले.

ते मागे तोंड करून बसले. मला म्हणाले, "मांगून हो आला का माह्या गुडघ्यावर थाप द्या." मग बसल्या बसल्याच त्यांनी पहिली हाक दिली. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा, मोठा आणि थोडा वेडावाकडा. मागून "होऽऽ" आला. मी थाप दिली. दुसरी हाक, दुसरी थाप. माणसं आधी लाजत होती, मग मोकळ्या गळ्याने हो द्यायला लागली. एकेक डोंगा करत हाक शेवटाकडे गेली.

शेवटच्या डोंग्याला शेवंता म्हणून हाक द्यायची होती. सरांच्या तोंडून निघालं, "हिरामऽऽन!"

साऱ्या डोंग्यांत कोणी हललं नाही. माझा हात त्यांच्या गुडघ्यावर तसाच अधांतरी राहिला. सर माझ्या हाताकडे बघत होते.

मग मागून आवाज आला. बाईमाणसाचा, फार मोठा नाही. "ते नाईत, भाऊजीऽऽ. मी आहो. मी बसली आहो ना मांगं."

जन्मात पहिल्यांदा शेवंताबाई त्यांच्याशी थेट बोलल्या, आणि सरांना ते ऐकू आलं नाही. मी थाप दिली. थाप देऊन मी हात तिथेच ठेवला म्हणून त्यांना काहीतरी निराळं कळलं असावं. त्यांनी कान माझ्या तोंडाशी आणला. "काय म्हणते?"

मी ओरडून सांगितलं, "ते नाहीत भाऊजी, मी आहे. असं म्हणाल्या."

"कोणाले म्हणाली?"

"तुम्हाला. तुमच्याशीच बोलल्या."

सर मागे बघत राहिले. शेवटच्या डोंग्यात पदर मागे सरलेला, उघड्या चेहऱ्याने बाई बसली होती. सरांनी विचारलं, "जोऱ्यानं वरडली काय?"

"नाही सर. साध्याच आवाजात."

"अन् इथपर्यंत आलं?"

"स्वच्छ आलं."

त्यांनी मान हलवली. "म्हंजे त्याचंही आलं असतं," ते म्हणाले.

पुढे त्याच हिवाळ्यात नंदनवनातल्या घरी सर झोपेतच गेले. त्याआधी मी त्यांना भेटून आलो होतो, पण ते भेटणं आठवत नाही. मला सर दिसतात ते तिथेच, पाठीमागे काठ आणि पुढ्यात ओळीने डोंगे, डोळे शेवटच्या डोंग्यावर. त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, माझा हात उचलून पुन्हा आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि पहिल्या नावापासून हाक सुरू केली.